यूकेत धंदा: सोल ट्रेडर राहावं की लिमिटेड कंपनी काढावी?

‘लिमिटेड काढ, टॅक्स वाचतो’ हा सल्ला यूकेतल्या आपल्या मंडळींत अजून सर्रास दिला जातो. एके काळी तो बरोबर होता. एप्रिल 2016 पर्यंत बेसिक रेटमध्ये (20 टक्के कराच्या टप्प्यात) बसणाऱ्या माणसाला डिव्हिडंडवर, म्हणजे कंपनीच्या नफ्यातून मालकाने घेतलेल्या वाट्यावर, वेगळा कर भरावाच लागत नसे. मग 7.5 टक्के आला, 2022 ला तो 8.75 झाला आणि 6 एप्रिल 2026 पासून 10.75. सुरुवातीला 5,000 पाउंडांपर्यंतचा डिव्हिडंड करमुक्त होता, आता जेमतेम 500 उरलाय. सल्ला मात्र तोच चालू आहे.

सोल ट्रेडर म्हणजे आपल्याकडची प्रोप्रायटरशिप. धंदा आणि तुम्ही एकच. वर्षाची उलाढाल 1,000 पाउंडांच्या वर गेली की एचएमआरसीकडे (तिथलं कर खातं) सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे स्वतः रिटर्न भरण्यासाठी, नाव नोंदवायचं. वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल. रिटर्न आणि पैसे, दोन्ही पुढच्या 31 जानेवारीपर्यंत. लिमिटेड कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती असते. कंपनीज हाऊसमध्ये (कंपन्यांचं सरकारी नोंदणी कार्यालय) ऑनलाइन नोंदणीला आता 100 पाउंड लागतात, डायरेक्टरला ओळख पटवून द्यावी लागते, आणि कंपनीच्या खात्यातला पैसा तुमचा नसतो. हे शेवटचं वाक्य पुढे सगळ्यात जास्त नडतं.

आता आकडे. समजा तुम्ही इंग्लंडमध्ये राहता (स्कॉटलंडचे टप्पे वेगळे), दुसरं काही उत्पन्न नाही आणि धंद्याचा नफा 40,000 पाउंड आहे. सोल ट्रेडर असाल तर 12,570 करमुक्त, उरलेल्यावर 20 टक्के म्हणजे 5,486 इन्कम टॅक्स, शिवाय 6 टक्क्यांनी 1,646 नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेसाठीची सक्तीची वर्गणी). हातात 32,868.

हाच नफा कंपनीत. नेहमीची पद्धत अशी की डायरेक्टरने 12,570 पगार घ्यायचा आणि बाकी डिव्हिडंड. पण 5,000 च्या वरच्या पगारावर कंपनीला 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स पडतो, म्हणजे 1,135. त्यातून सूट देणारा एम्प्लॉयमेंट अलाउन्स आहे, पण एकटा डायरेक्टर हाच एकमेव पगारदार असेल तर तो मिळत नाही. उरलेल्या नफ्यावर 19 टक्के कॉर्पोरेशन टॅक्स (कंपनीचा कर), मग डिव्हिडंडवर तुमचा कर. शेवटी हातात येतात 31,633. म्हणजे बाराशेहून जास्त पाउंड कमीच, आणि अकाउंटंटची फी अजून द्यायची आहे.

‘मोठ्या नफ्यावर तरी लिमिटेड परवडत असेल’ असं वाटतं. नफा 80,000 धरू. सोल ट्रेडरच्या हातात 57,711 राहतात. कंपनीतून सगळा पैसा बाहेर काढला तर 55,765, कारण 50,000 ते 2,50,000 या पट्ट्यात येणाऱ्या नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स प्रत्यक्षात 26.5 टक्के पडतो आणि वरच्या टप्प्यातल्या डिव्हिडंडवर 35.75 टक्के.

पण सगळा काढलाच नाही तर? पगार आणि डिव्हिडंड मिळून 50,270 वर थांबलात तर कर जाऊन घरी 46,271 येतात आणि कंपनीत 14,776 शिल्लक राहतात. बेरीज 61,047. सोल ट्रेडरला ही सोय नाही. पैसा काढा की ठेवा, कर पूर्ण नफ्यावर. म्हणून लिमिटेडचा विचार करणाऱ्याला मी आधी घरखर्च विचारतो, नफा नंतर. जेवढं कमावता तेवढं घरी लागत असेल, मॉर्गेज आणि मुलांच्या नर्सरीत सगळं जात असेल, तर करासाठी कंपनी काढण्यात अर्थ नाही. नवरा-बायकोपैकी एकाचा पगार घर चालवतोय आणि दुसऱ्याच्या धंद्याचा पैसा साठवायचा आहे, किंवा कंपनीतून थेट पेन्शनमध्ये टाकायचा आहे, तिथे लिमिटेड खरंच कामाला येते.

हिशेबाची कटकट वेगळीच. सोल ट्रेडरला 2024 पासून कॅश बेसिस हीच मूळ पद्धत आहे: पैसा आला की उत्पन्न, गेला की खर्च. कंपनीला ती मुभा नाही; येणं-देणं धरून ताळेबंद करावाच लागतो. तो नऊ महिन्यांत कंपनीज हाऊसला, कर नऊ महिने आणि एक दिवसात, कर-रिटर्न बारा महिन्यांत, शिवाय वर्षातून एकदा कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर आहे असं कळवणं). ताळेबंदाला एक दिवस उशीर झाला तरी 150 पाउंड दंड, सहा महिन्यांवर गेला तर 1,500. भारतात प्रायव्हेट लिमिटेडला ऑडिट चुकत नाही, इथे छोट्या कंपनीला साधारणपणे ते लागत नाही, एवढाच दिलासा. आणि हा ताळेबंद जगजाहीर असतो, फुकट. सासरचं कोणीही फोनवर उघडून बघू शकतं!

सोल ट्रेडरचा साधेपणाही आता तेवढा राहिलेला नाही. एप्रिल 2026 पासून 50,000 च्या वर उलाढाल (नफा नव्हे) असलेल्यांना मेकिंग टॅक्स डिजिटल लागू आहे: नोंदी सॉफ्टवेअरमध्ये, दर तिमाहीला माहिती एचएमआरसीला. 2027 ला ही मर्यादा 30,000 वर येते, 2028 ला 20,000 वर. पहिल्या वर्षी आणखी एक धक्का बसतो तो पेमेंट ऑन अकाउंटचा, म्हणजे आगाऊ कराचा. वरच्या 40,000 नफ्याचं 7,132 चं बिल पहिल्यांदा आलं की 31 जानेवारीला ते तर भरायचंच, वर पुढच्या वर्षाचे निम्मे म्हणजे 3,566 त्याच दिवशी, आणि तेवढेच जुलैअखेर. दर महिन्याला कमाईचा तिसरा हिस्सा बाजूला टाकत राहा, बाकी काही उपाय नाही. व्हॅटची 90,000 ची मर्यादा दोघांना सारखीच, आणि ती कुठल्याही सलग बारा महिन्यांची मोजतात.

कराशिवायची कारणंही असतात. आयटी कॉन्ट्रॅक्टरला एजन्सी बहुतेक वेळा लिमिटेडच मागते. तिथे आधी आयआर35 बघा, म्हणजे कंपनीच्या नावाने नोकरीसारखंच काम करणाऱ्यांसाठीचा नियम; काम त्यात बसतं की नाही हे एप्रिल 2021 पासून मध्यम आणि मोठे क्लायंट ठरवतात, आणि बसलं तर कर पगारासारखाच कापला जातो. बुडालं तर घर वाचावं म्हणून कंपनी काढत असाल तर ते रास्त आहे, फक्त बँक कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागते. डबे किंवा फराळ करून विकणाऱ्यांना विमा घेऊन सोल ट्रेडर राहणं बहुधा पुरतं. स्टुडंट व्हिसावर असाल तर दोन्ही विसरा, स्वतःचा धंदा करताच येत नाही.

कंपनी काढलीच, तर तिचं कार्ड आणि स्वतःचं कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा. आठवड्याचा किराणा, भारताचं तिकीट, असं एकेक कंपनीच्या कार्डावर गेलं की ते डायरेक्टर्स लोन अकाउंटला, म्हणजे डायरेक्टरच्या उसनवारीच्या खात्याला, तुमच्या नावे चढतं. वर्ष संपल्यावर नऊ महिने आणि एक दिवसात परत भरलं नाही तर कंपनीला त्यावर वेगळा कर पडतो. सोल ट्रेडरवरून लिमिटेडवर जायला फार तर एखादा आठवडा लागतो. उलटं येताना कंपनी रीतसर बंद करावी लागते, आणि नोंदवहीतून नाव निघालं त्या दिवशी तिच्या खात्यात जे पैसे राहिले असतील ते सरकारजमा होतात.