इंग्लंडमधल्या डर्बीजवळच्या जुन्या डिझेल रेलकार: बरेच महिने फिरल्यानंतरचा अनुभव

इथली आपली मराठी मंडळी दर वेळी एकच विचारतात, एक्लेसबोर्न व्हॅली रेल्वेवर (जुन्या गाड्या हौसेने चालवणारी इथली लाइन) स्टीम इंजिनाची गाडी कुठल्या दिवशी असते? मी गेले बरेच महिने या लाइनवर फिरतोय आणि मनापासून सांगतो, स्टीमच्या मागे लागू नका, डिझेल रेलकारच्या दिवशी जा आणि ड्रायव्हरच्या मागची सीट पकडा.

या गाड्या 1950 च्या दशकातल्या डिझाइनच्या, इंजिनं डब्याच्या फरशीखाली बसवलेली, त्यामुळे पुढे काही आडवं येतच नाही. केबिनच्या मागे काच आहे, त्यातून ड्रायव्हरचे हात, समोरचे मीटर आणि समोरचा अख्खा रूळ दिसतो. पुणे-दौंड डेमूने जाणाऱ्यांना हे पटणार नाही, कारण तिथे ड्रायव्हर आणि आपल्यामधे इंजिनाची खोलीच असते.

मला सगळ्यात आवडतं ते गिअर बदलणं. हो, ट्रेनला गिअर, चार, आणि ड्रायव्हर ते स्वतः बदलतो. आधी पॉवर कमी करतो, इंजिनाचा आवाज खाली येतो, गाडी क्षणभर नुसती घरंगळते, मग लिव्हर पुढच्या खाचेत आणि परत तो भरदार आवाज. चांगला ड्रायव्हर असेल तर धक्का अजिबात जाणवत नाही. ताशी 25 मैलांची मर्यादा असल्यामुळे इथे चौथ्या गिअरची वेळच येत नाही, पण कान लावून बसलं की कुठे चढ आहे ते न बघता कळायला लागतं.

चढाचं म्हणाल तर लाइनच्या वरच्या टोकाला असलेल्या वर्कसवर्थहून वर रेव्हनस्टरचा छोटा फाटा आहे, 1 ला 27 चा चढ (27 फूट पुढे गेलं की 1 फूट वर), तो सोडू नका, तिथे या म्हाताऱ्या गाडीची खरी ताकद कळते.

मुख्य लाइन वर्कसवर्थ ते डफिल्ड, साधारण 14 किमी, मधे शॉटल आणि इड्रिजहे, दोन्हीकडे शेतं, मेंढ्या, नदी. लाइन 1867 ची. पॅसेंजर गाड्या 1947 मधे बंद पडल्या, नंतर चुनखडीची मालगाडी तेवढी 1989 पर्यंत चालली. आणि डर्बीच्या कारखान्यातून पहिल्या हलक्या डिझेल रेलकार निघाल्या 1954 ला! अशाच लहान लाइनींचा खर्च कमी व्हावा म्हणून त्या आणल्या होत्या, आणि इथे येईपर्यंत सात वर्षं उशीर झालेला, याचं मला खरंच वाईट वाटतं. डफिल्डपर्यंत गाड्या परत सुरू झाल्या 2011 मधे.

डर्बीच्या त्या हलक्या रेलकारच्याच कुळातली 1956 ची 'आयरिस' इथेच असते, एकच डबा, दोन्ही टोकांना केबिन, ॲल्युमिनियमची बॉडी. ती चालू असेल त्या दिवशी बाकीचे प्लॅन कॅन्सल करा.

आता सोय-गैरसोय. गाडी उभी असताना खिडक्या थरथरतात, डिझेलचा वास येतो, हे त्या जमान्याचंच आहे. दरवाजे हाताने लावायचे, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. हिवाळ्यात जाकीट हवंच. रोज गाड्या नसतात, टाइमटेबल बघूनच निघा. डर्बीहून मॅटलॉकची लोकल पकडून डफिल्डला उतरा, शेजारीच हा प्लॅटफॉर्म आहे, कारची गरज नाही. आणि सुटायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, पुढची सीट लगेच जाते.