वृत्त ओळखणारे अ‍ॅप: गण पक्के, कान कच्चा

कवितेची ओळ टाकली की लगक्रम (लघु म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षरांचा क्रम, खुणा ल आणि गा), गण (तीन-तीन अक्षरांचे गट) आणि वृत्ताचे नाव सांगणाऱ्या या अ‍ॅपचा गाभा चांगला आहे. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ टाका. लगागा चार वेळा, म्हणजे चार य गण, 12 अक्षरे: भुजंगप्रयात. पुढच्या जोडाक्षरामुळे ‘सर्वां’तला स गुरू होतो, तेही बरोबर धरले आहे. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरे मोजून यती, म्हणजे ओळीतला विराम, 12 व्या अक्षरावर दाखवते.

घोळ होतो मराठी जोडाक्षरांशी. ‘तुझ्या’तला तु अ‍ॅप गुरू धरते, कारण नियम संस्कृतचा जसाच्या तसा उचलला आहे. मराठीत इथे ‘झ्या’चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, तु लघूच राहतो. पुन्हा, उन्हात, कुऱ्हाड यांचीही हीच गत. अक्षरावर टिचकी मारून लघु-गुरू बदलता येतो, पण ओळीत एक काना जरी सुधारला तरी बदल पुसला जातो. त्यापेक्षा तपासणीपुरते ‘तुझा’, ‘पुना’, ‘उनात’ लिहावे. लगक्रम तोच राहतो.

अभंग टाकला की ‘वृत्त सापडले नाही’. सापडणार कसे? ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ या अभंगात 6, 6, 6, 4 अशी नुसती अक्षरे मोजायची असतात, लघु-गुरूचे बंधन नसते. मराठीत अक्षरे मोजणारा छंद वेगळा, लघु-गुरूंचा क्रम ठरलेले अक्षरगणवृत्त वेगळे आणि मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन) मोजणारी जाती वेगळी. अ‍ॅपने तिन्हींना ‘वृत्त’ म्हणून टाकले आहे.

माहितीच्या पानावर तर ‘वृत्त म्हणजे वर्तुळ’ एवढ्यावरच भागवले आहे. मूळ धातू वृत्: वळणे, फिरणे, घडणे, असणे. त्याचे भूतकाळवाचक रूप वृत्त. त्यातूनच गोल आकार, वर्तणूक आणि वर्तमानपत्रातले वृत्त हे अर्थ निघाले. कवितेत ठरल्या क्रमाने फिरून येणारी चाल. लॅटिनमधला ‘व्हर्सस’ याच कुळातला. त्याचा एक अर्थ नांगराचे तास, म्हणजे टोकाला जाऊन वळणारी ओळ. ‘छंद’ची व्युत्पत्ती ‘निरुक्त’कार यास्काने छद्, झाकणे, अशी दिली आहे, दुसरी छन्द्, आवडणे, अशी सांगतात. माणसाला छंद जडतो तो या दुसऱ्या अर्थाने, वृत्त काही कुणाला जडत नाही.

पुढच्या आवृत्तीत लघु-गुरू न बघता चरणांची नुसती अक्षरे मोजणारे एक बटण दिले, तरी अभंग आणि ओवीवाल्यांची सोय होईल.