बटणातला फिंगरप्रिंट सेन्सर: एका डावखुरीचे आठ महिने

मी डावखुरी आहे हे आधीच सांगते, पुढची सगळी रड त्यातूनच आलीय.

जुन्या फोनला सेन्सर पाठीवर होता. पर्समधून फोन काढतानाच तर्जनी त्या गोल खळग्यात जायची, समोर धरेपर्यंत लॉक उघडलेलं. अर्थात पाठीवर आहे म्हणून भागत नाही. २०१७ च्या गॅलेक्सी एस८ मध्ये तो कॅमेऱ्याला खेटून होता. बोट चुकलं की थेट लेन्सवर ठसा. माझ्या फोनची खोड एवढीच, की टेबलावरून उचलल्याशिवाय उघडायचा नाही.

नव्या फोनमध्ये सेन्सर उजव्या कडेच्या पॉवर बटणात आहे. (सोनीने एक्सपीरिया झेड५ मध्ये हे २०१५ लाच केलं होतं.) उजव्या हातात धरला तर अंगठा नेमका तिथेच पडतो. डाव्या हातात मात्र अंगठा पलीकडच्या कडेला आणि बटणावर मधलं बोट, तेही तिरकं. सेन्सर म्हणजे जेमतेम एक पट्टी, त्यात जाड कव्हरमुळे बटण खोल गेलेलं. पहिले दोन महिने ‘पुन्हा प्रयत्न करा’ वाचण्यातच गेले. मग मधलं बोट दोनदा नोंदवलं, एकदा सरळ, एकदा तिरकं धरून. लगेच फरक पडला.

त्याहून मोठा वैताग पकडीचा. नुसता फोन धरला तरी कुठलं तरी बोट बटणावर टेकतंच. पाच वेळा चुकीचा ठसा गेला की तीस सेकंद थांबा! भाजीवाल्यासमोर मेथीची जुडी काखेत धरून हे झालं, तेव्हा सेटिंग धुंडाळली. ‘स्पर्श’ऐवजी ‘दाबल्यावर’ केलं आणि तो प्रश्न मिटला.

ओल्या हातांचं काही होत नाही. ठशाच्या रेषा आणि त्यांमधल्या खाचा यांच्या विद्युतभारातला फरक हा सेन्सर वाचतो. खाचांत पाणी भरलं की त्याला काही कळत नाही. पदराला बोट पुसायचं, दुसरा इलाज नाही.

नवऱ्याच्या फोनला स्क्रीनखालचा सेन्सर आहे. हात कुठलाही चालतो, टेबलावरही उघडतो, पण जागा फार खाली. अंगठा दुमडताना फोन करंगळीवर तोलावा लागतो. रात्री बोटाखाली उजेड पडतो तो वेगळाच.

माझ्या फोनमध्ये आईचाही अंगठा नोंदवलाय. ती उजव्या हातात घेते, पहिल्या फटक्यात उघडते आणि वर मलाच विचारते, “यात एवढं अवघड काय आहे गं?”