डबल बूट: अकरा महिने, दोन शिखरं आणि एक पावसाळा

आधी पायाबद्दल सांगते, कारण पाय कळल्याशिवाय बुटाबद्दलचं मत वाचण्यात अर्थ नाही. माझा पाय लहान, पंजा रुंद आणि बोटं बारा महिने गार. नाशिकच्या डिसेंबरात मी मोजे घालून झोपते. अशा बाईने सहा हजार मीटरच्या वर जायचं काढलं तेव्हा घरचे ऑक्सिजनची काळजी करत बसले, मी बुटांची.

बूट गेल्या फेब्रुवारीत घेतले, आज जानेवारी उजाडलाय. मधल्या काळात ते जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकवर (५२८९ मी.) आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळमध्ये मेरा पीकवर (६४७६ मी.) जाऊन आले. दोन्ही वेळा गाईडेड टीम, म्हणजे पैसे भरून, यादीप्रमाणे सामान जमवून, दुसऱ्याच्या सांगण्यावर चालणं. बुटांच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. जे बिघडलं त्यातलं निम्मं मी बिघडवलंय, आणि उरलेलं या जातीच्या कुठल्याही बुटाबाबत होऊ शकतं.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: डबल बूट म्हणजे बुटात बूट. बाहेरचा कडक, तळवा मुडपतच नाही, वर गुडघ्याखालपर्यंत चेनचं गेटर, म्हणजे बर्फ आत जाऊ नये म्हणून नडगीवरचं आवरण, शिवलेलं. आतला मऊ, लेस असलेला, रात्री काढून स्लीपिंग बॅगेत घेता येतो. सगळा खेळ या आतल्या बुटाचा. एकेरी बूट रात्री तंबूत गोठला की सकाळी पाय गोठलेल्या डब्यात घालायचा. आतला बूट पोटाशी धरून झोपलं की सकाळी निदान तो तरी आपल्या बाजूने असतो. माझी ४० नंबरची जोडी घरच्या काट्यावर २ किलो १०० ग्रॅम भरली. किंमत पन्नास हजारांच्या वर. नेमका आकडा नवऱ्याला अजून माहीत नाही, म्हणून इथेही नको.

नंबर

रोजचा नंबर ३८.५, म्हणून शहाणपणाने ३९ मागवले. घरात घालून फिरले, मस्त बसले. मग एका संध्याकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून उतरले. चढताना काही नाही. उतरताना मात्र दोन्ही अंगठे प्रत्येक पायरीला पुढे ठोकले जात होते. खाली बसलेले एक आजोबा बुटांकडे बघून म्हणाले, "चंद्रावर निघालात का?" त्यांना काय सांगणार, चंद्रावर उतार कमी असेल!

बूट बदलून ४० यायला तीन आठवडे गेले. बायकांच्या पायाच्या मापात असले बूट दुकानात क्वचित असतात, तेव्हा निघायच्या महिनाभर आधी खरेदी करायचं मनातही आणू नका. माप बघायची माझी आताची पद्धत अशी: संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, जे मोजे नेणार तेच घालून. लेस न बांधता पाय पुढे सरकवायचा, टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग लेस बांधून जिन्यावरून उतरायचं. सपाट फरशीवर कुठलाही बूट चांगलाच वाटतो.

बूट "मोडून घ्यायला" सह्याद्रीत नेऊ नका. मी एकदा ब्रह्मगिरीला नेले. कडक तळवा कातळावर नुसता खडखडतो, पाय आत उकडून निघतात आणि रबराची झीज फुकट होते. हे बूट पायाप्रमाणे फारसे वळत नाहीत. पायालाच त्यांच्याप्रमाणे चालायला शिकवावं लागतं.

फ्रेंडशिप

इथे ते जरा जास्तच होते. जूनमधला बर्फ, रात्री एकला निघालो, सकाळी नवानंतर बर्फाचा चिखल झाला आणि पायाचा आत शिजलेला भात. परत आल्यावर आतला बूट पिळता आला असता. गार पडण्याआधी पाय ओला होतो, हे तिथे पहिल्यांदा नीट कळलं. पुढच्या वेळी चढताना गरम वाटलं की गेटरची चेन वरून चार बोटं उघडायची, हे मी स्वतःवरच बंधन घातलं. आतल्या बुटाची मागची ओढायची नाडी इथेच उसवली. पन्नास हजारांच्या वस्तूला दहा रुपयांचा दोरा कच्चा! घरी नायलॉनच्या दोऱ्याने शिवली, अजून टिकून आहे.

मेरा

मेराला जाताना या बुटांचा पहिला उपयोग बर्फात झाला नाही, मंथलीच्या विमानतळावर झाला. गर्दीच्या मोसमात लुक्लाची (मेराची पायवाट जिथून सुरू होते ते गाव) विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून सुटतात. वजनाची मर्यादा सगळी मिळून १५ किलो. मग काय, सर्वात जड वस्तू पायात! मंथली समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर, घाम निथळतोय, आणि आमच्या टीममधले सहा जण हाफ पँटवर हिमालयातले बूट घालून पत्र्याच्या शेडखाली बसलेले. त्या फोटोइतकी लाइक्स शिखराच्या फोटोला मिळाली नाहीत.

लुक्ला २८४५ मीटरवर. तिथे उतरताच बूट डफलमध्ये गेले ते खारेला (५०४५ मी.) बाहेर निघाले. पन्गोम, कोठे, थांगनाक असे मुक्काम करत आठ दिवस ते एका भरियाच्या (हमालाच्या) पाठीवर, नाम्लोच्या पट्ट्याने त्याच्या कपाळाला लटकून, आमच्या पुढे पोहोचत होते. भरियाच्या स्वतःच्या पायात साधे कापडी बूट. यावर जास्त लिहीत नाही, पण रोज दिसत होतं.

खारेला आमच्या क्लाइंबिंग गाईडने, म्हणजे आम्ही ज्यांना दाई (नेपाळीत दादा) म्हणायचो त्यांनी, जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली अडकवायचे धातूचे दाते) घालायला लावले आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन तपासला. ही तपासणी शहरात, निघण्याआधी व्हायला हवी होती. ज्यांच्याकडे आम्ही पैसे भरले त्यांनी सामानाची पीडीएफ पाठवली, प्रत्येकाला फोन करून "सगळं घेतलं ना?" विचारलं आणि विषय संपवला. टीममधल्या एका काकांनी बूट भाड्याने आणले होते. दाईंनी टाचेची मागची खाच बोटाने चाचपली. ऑटोमॅटिक क्रॅम्पॉनचा खटका तिथे अडकतो. ती खाच झिजून गोल झालेली. काकांचा नंबर ४६, त्या मापाचे दुसरे बूट खारेत मिळेनात. शेवटी लॉजवाल्याकडून पट्टे बांधायचे क्रॅम्पॉन घेतले. पट्ट्यांचे क्रॅम्पॉन वाईट नसतात, पण थंडीत ढिले पडले की पुन्हा आवळावे लागतात, आणि काका ते पहिल्यांदाच वापरत होते.

शिखराच्या रात्री ५७८० मीटरवरच्या हाय कॅम्पवरून दोन वाजता निघालो. एका दोरीवर पाच जण: पुढे दाई, मग मी, मागे दोघे सभासद, सगळ्यात शेवटी दुसरे गाईड. त्या दोघा सभासदांत एक ते काका. दाईंच्या थर्मामीटरवर उणे १८, वर वारा. चालत होतो तोवर बूट उत्तम. खरं सांगते, तीन तास मला पायांची आठवणच झाली नाही, आणि बुटाला याहून मोठी पावती नाही.

मग काकांचा क्रॅम्पॉन सुटला. थांबलो. हातमोजे काढून पट्टा आवळायचा म्हणजे पंधरा मिनिटं. निघालो, अर्ध्या तासाने पुन्हा सुटला. दोरीवर असताना एक थांबला की सगळे थांबतात. तुम्ही पुढे जाऊन उड्या मारू शकत नाही. बूट ऊब तयार करत नाही, चालण्याने पायात आलेली ऊब तो फक्त धरून ठेवतो. उभं राहिलं की ती साठवण संपायला लागते, मग बूट कितीही भारी असोत. माझे बूट किती वेळ पुरणार हे त्या रात्री माझ्या बुटांनी ठरवलं नाही, काकांच्या भाड्याच्या बुटांनी ठरवलं. दोरीवर कुणाचाच बूट त्याचा एकट्याचा नसतो. हे यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या थांब्यावर उजव्या पायाची दोन बोटं दुखायची थांबली. मला बरं वाटलं! दाईंनी खारेलाच बजावलं होतं की दुखतंय तोवर ठीक, दुखायचं थांबलं की बोलायचं. पण सहा हजार मीटरवर डोकं इतकं मंद चालतं की मी ते सुख मानून घेतलं. दाई वळून म्हणाले, "दिदी, खुट्टा चिसो भयो?" म्हणजे पाय गार पडले का? मी म्हटलं नाही. त्यांनी माझं ऐकलं नाही. गेटर उघडून आतल्या बुटाची घोट्यावरची लेस सैल केली आणि मला फुटबॉलला लाथ मारावी तसा पाय झुलवायला लावला. दहा मिनिटांनी बोटांत अशी कळ आली की गॉगलच्या आत पाणी आलं. दाई हसले. त्या रडण्याची ते वाटच बघत होते.

यात चूक माझीच. नंबर घेतला होता एक पातळ आणि एक जाड मोजा धरून. त्या रात्री भीतीने दोन जाड चढवले आणि वरून लेस करकचून आवळली. बूट भरून गेला, रक्त फिरायला जागा उरली नाही. जास्त मोजे म्हणजे जास्त ऊब, हा हिशोब घट्ट बुटात उलटा होतो. ती दोन बोटं डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुंग्या आल्यासारखी होती. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

काका तिथून परतले. लीडर सरांशी वॉकीटॉकीवर बोलणं झालं, मागचे गाईड त्यांच्याबरोबर उतरले, उरलेल्या आम्हा दोघांना घेऊन दाई पुढे निघाले. जाताना काका म्हणाले, "ताई, तुम्ही व्हा पुढे, चहा टाकून ठेवतो." मला तेव्हा वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. साडेआठच्या सुमारास मध्य शिखरावर (६४६१ मी.) पोहोचलो. पुस्तकात ६४७६ लिहितात ते उत्तर शिखर पलीकडे. बहुतेक गाईडेड टीम मध्य शिखरापर्यंतच जातात. ब्रिटिश गिर्यारोहक जिमी रॉबर्ट्स आणि शेर्पा सेन तेनझिंग हे १९५३ साली २० मे रोजी इथे पहिल्यांदा आले, म्हणजे एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईच्या नऊ दिवस आधी. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि लांब पूर्वेला कांचनजंगा, सगळं एका फेरीत दिसतं. मी त्यातलं निम्मं बघितलं, निम्मा वेळ बोटं हलवत होते. काकांनी चहा खरंच टाकून ठेवला होता.

झीज आणि पावसाळा

मोहिमेनंतर उजव्या पुढच्या टोकाला रबराची पट्टी दोन सेंटिमीटर सुटली. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं, स्वखर्चाने युरोपात पाठवा. शेवटी आमच्या चौकात चपला शिवणाऱ्या काकांनी चिकटवून दिली, तीस रुपये घेतले आणि बूट दहा मिनिटं उलटेपालटे करून बघितले. डाव्या गेटरला दोन भोकं आहेत, ती माझ्याच क्रॅम्पॉनच्या दातांची, पाय जवळजवळ टाकण्याची शिक्षा. गेटरच्या चेनमध्ये बर्फ जाऊन ती दोनदा अडकली. निघण्याआधी मेण घासलं असतं तर कदाचित अडकली नसती.

पण बुटांना सगळ्यात जवळून धोका दिला तो हिमालयाने नाही, नाशिकच्या जुलैने. फ्रेंडशिपहून आल्यावर खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी माळ्यावर. महिन्याने काढले तर आतल्या बुटावर पांढरी बुरशी. ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळवले. उन्हात नाही, उन्हाने गोंद आणि फोम दोन्ही खराब होतात. तळव्यातला पॉलीयुरेथेनचा थर दमट हवेत वर्षानुवर्षं ओलावा पिऊन ठिसूळ होतो आणि एक दिवस चालता चालता भुगा होऊन पडतो. बूट न वापरता ठेवले तरी होतो, म्हणून "एकदाच वापरलेले, सहा वर्षं कपाटात" अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. आता माझे बूट आतलं-बाहेरचं वेगळं करून, उघड्या कपाटात, सिलिकाच्या पुड्या घालून ठेवलेत.

घ्यावेत का? वहीतली नोंद मोजली तर अकरा महिन्यांत बर्फावर ते जेमतेम चाळीस तास होते. एकच शिखर करायचं असेल तर भाड्याने घ्या, पण काठमांडूत किंवा आपल्या शहरात, दिवसा, क्रॅम्पॉन अडकवून, टाचेची खाच बोटाने चाचपून. खारेत शेवटच्या दिवशी मिळतील या भरवशावर जाऊ नका, नंबर फार लहान किंवा फार मोठा असेल तर मुळीच नाही. आणि टीमचे पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा की बूट कोण तपासणार आणि कधी. "तिथे गेल्यावर गाईड बघतील" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.

ऑगस्टमध्ये भाची यूनाम शिखरावर (६१११ मी.) जायचं म्हणते आहे, तिला हेच बूट हवेत. तिचा पाय माझ्याहून अर्धा नंबर मोठा. रविवारी संध्याकाळी बोलावलंय, तिचे मोजे घेऊन, आणि घरात घालून बघायचं नाही, थेट पांडवलेणीच्या पायऱ्यांवर.