व्हॉल्यूम स्ट्रीमरमध्ये असावा की ॲम्प्लिफायरमध्ये?

घरात इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (व्हॉल्यूमची कळ आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) असेल आणि त्याला टर्नटेबलही जोडलेला असेल, तर निर्णय सोपा आहे. स्ट्रीमरचे (इंटरनेट किंवा घरच्या नेटवर्कवरून संगीत वाजवणाऱ्या यंत्राचे) आउटपुट फिक्स्ड, म्हणजे कायम पूर्ण पातळीचे, ठेवावे आणि ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम वापरावा. प्रश्न उभा राहतो तो स्ट्रीमर थेट पॉवर ॲम्प्लिफायरला (ज्याला सहसा स्वतःचा व्हॉल्यूम नसतो) किंवा ॲक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या आतच ॲम्प्लिफायर असतो) जोडायचा असेल तेव्हा, कारण मग आवाजाची सगळी जबाबदारी त्या एकाच यंत्रावर येते.

डिजिटल व्हॉल्यूममध्ये प्रत्येक नमुन्याच्या आकड्याला एकाहून लहान संख्येने गुणले जाते आणि दर ६ डेसिबलमागे सुमारे एक बिट खर्च होतो. प्रक्रिया १६ बिटची असताना आवाज ४० डेसिबलने उतरवला, तर सर्वात मोठ्या आणि सर्वात हळू आवाजातल्या मूळच्या ९६ डेसिबल अंतरापैकी जेमतेम ५६ उरत; डिजिटल व्हॉल्यूमची बदनामी तिथूनच सुरू झाली. २४ बिटमध्ये १४४ मधून तेवढेच वजा केले, तरी १०४ डेसिबल राहतात, म्हणजे सीडीपेक्षा जास्त. खरी मर्यादा बिटची नसून डॅकच्या (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाच्या) स्वतःच्या खरखरीची आहे, कारण डिजिटल व्हॉल्यूम उतरवला तरी ती उतरत नाही. सिग्नल आणि खरखर यांत १२० डेसिबलचे अंतर असलेल्या डॅकमध्ये, २ व्होल्ट आउटपुटला, ही खरखर २ मायक्रोव्होल्ट असते. २८ डेसिबल गेनच्या (म्हणजे सिग्नल सुमारे २५ पट वाढवणाऱ्या) पॉवर ॲम्प्लिफायरनंतर ती सुमारे ५० मायक्रोव्होल्ट होते, जी बहुतेक स्पीकरमधून ऐकूच येत नाही. तोच डॅक १०० डेसिबलचा असेल तर आकडा दसपट होतो, आणि १०५ डेसिबल संवेदनशीलतेच्या हॉर्न स्पीकरजवळ कान नेल्यास खरखर जाणवू लागते.

ॲनालॉग व्हॉल्यूमचे मोल इथे कळते. तो डॅकच्या नंतर बसतो, त्यामुळे संगीताबरोबर डॅकची खरखरही खाली येते. एव्हरसोलो कंपनीच्या डीएमपी-ए६ या स्ट्रीमरमध्ये डिजिटल व्हॉल्यूम आहे, तर डीएमपी-ए८ मध्ये रेझिस्टरांच्या शिडीचा ॲनालॉग, म्हणजे रेझिस्टर पायरीपायरीने बदलून आवाज उतरवणारा. साध्या पोटेन्शिओमीटरला (फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्यूमला) मात्र मी ॲनालॉग म्हणून झुकते माप देणार नाही, कारण अगदी हळू आवाजात त्याचे डावे-उजवे चॅनेल सारखे राहत नाहीत, आणि रात्री हळू ऐकणाऱ्याला नेमका हाच दोष सतावतो.

बाहेरचा डॅक लावून डीएसडी (एक-बिटचे डिजिटल ध्वनिरूप) ऐकणाऱ्यांनी स्ट्रीमरचा व्हॉल्यूम बंदच ठेवावा: पीसीएमच्या (नेहमीच्या डिजिटल ध्वनिरूपाच्या) वेष्टणातून जाणाऱ्या डीएसडीचे आकडे बदलले, की डॅकला ते ओळखता येत नाही आणि संगीताऐवजी नुसता गोंगाट बाहेर पडतो. थेट जोडणीत आणखी एक धोका आहे. चुकून आउटपुट फिक्स्ड झाले तर पूर्ण पातळीचा सिग्नल सरळ स्पीकरवर जातो, म्हणून कमाल व्हॉल्यूमची मर्यादा आणि सुरू होतानाची पातळी ठरवता येते का, हे मी ध्वनीच्या गुणवत्तेइतकेच महत्त्वाचे मानतो.

तरीही ॲनालॉगसाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपला व्हॉल्यूम रोज कुठे असतो, ते पाहावे. तो उणे ४५ डेसिबलच्या आसपास राहत असेल, तर साखळीत गेन जास्त आहे. ॲम्प्लिफायरचा गेन कमी करण्याची किंवा ॲक्टिव्ह स्पीकरची इनपुट संवेदनशीलता उतरवण्याची कळ असेल, तर ती आधी वापरावी. नसेल तर मध्ये १० डेसिबलचा, म्हणजे सिग्नल तेवढा क्षीण करणारा, अ‍ॅटेन्युएटर बसवावा. त्यानंतरही गाणे थांबल्यावर बसायच्या जागेवरून खरखर ऐकू आली आणि ती डॅकचीच असली, तर मात्र शिडीचा व्हॉल्यूम घ्यावा.