केशरी कव्हर, आत हिरवं पुस्तक: इंदूरमध्ये ४२ हजाराला गंडलो

हे लिहायला दोन महिने घेतले कारण लाज वाटत होती, बायको म्हणते अजून थोडी वाटू दे. पण जुने डी अँड डी मॉड्यूल, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या कल्पनाखेळातल्या छापील साहसकथांच्या पुस्तिका, जमवणारे आपल्याकडे मूठभर, आणि हा माणूस त्यांच्यातच गिऱ्हाईक शोधत फिरतोय, म्हणून सांगतोय.

माझं हे वेड आतेभावाचं देणं. तो अमेरिकेहून १९८३ चा लाल बेसिक सेट घेऊन आला होता. त्यातल्या फाशांचे आकडे नुसते कोरलेले, रंग नाही, सोबत एक मेणखडू, तो घासून आकडे आपणच भरायचे. रामबागेत आत्याच्या गच्चीवर बसून मी ते भरले होते, नखात गेलेलं मेण दोन दिवस निघालं नाही. पुढे नोकरी लागल्यावर एकेक मॉड्यूल घेत गेलो, आणि जमवणाऱ्या प्रत्येकाला शेवटी जे हवं असतं ते मलाही हवं झालं, केशरी बी-३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बी-३ हा मॉड्यूलचा नंबर, नाव 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस', डी अँड डी काढणाऱ्या टीएसआर कंपनीचं, लेखिका जीन वेल्स. केशरी कव्हरमध्ये छापून झालं आणि आतल्या काही चित्रांवरून कंपनीत बोंब झाली, माल परत घेऊन बहुतेक प्रती नष्ट केल्या. मग १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हेनं बरंचसं नव्यानं लिहिलं आणि ते हिरव्या कव्हरमध्ये आलं. नाव तेच, नंबर तोच. हिरवं आजही सापडतं, केशरी फार क्वचित.

तर जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फोटो आला, निळ्या चौकडीच्या चादरीवर केशरी बी-३. मी मेसेज केला तर समोरून शुद्ध मराठीत उत्तर! "दादा, मी ग्वाल्हेरचा, काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांच्या पेटीत निघालं." इथेच मी अर्धा विरघळलो. इंदूरमध्ये अनोळखी माणूस मराठीत बोलला की आपण लगेच आडनाव आणि गाव विचारतो, आणि गाव कळलं की चौकशी संपते. भाव ४२,०००. १५,००० आधी यूपीआयने मागितले, खात्यावर नाव भलत्याच बाईचं दिसलं, तर म्हणे काकूचं खातं आहे. मी मान्य केलं. का केलं ते आता मलाही सांगता येत नाही.

भेटलो छप्पन दुकानवर. मी काही अगदीच बावळट नाही हो, भिंग घेऊन गेलो होतो. त्याने प्लॅस्टिकच्या बॅगेतून पुस्तक निम्मं बाहेर काढलं, "कव्हर नाजूक आहे दादा, घरी नीट उघडा", आणि आतली पानं मला बाजूने दाखवली. कागद पिवळा, पिनांना गंज, वास तर असा की मला थेट आत्याचं कपाट आठवलं. सगळं अस्सल! उरलेले २७,००० रोख दिले, वर त्याला शिकंजी पाजली ती वेगळीच.

घरी आल्यावर ते कपाटात ठेवलं आणि चांगले एकोणीस दिवस नुसतं बघत बसलो. मग आतेभावाला व्हिडिओ कॉलवर मिरवायला काढलं. तो म्हणाला, "आतलं पहिलं पान वाच, लेखक कोण?" मी वाचलं, टॉम मोल्डव्हे आणि जीन वेल्स. तो काहीच बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "केशरीवर एकटीच असते रे ती."

खेळ असा होता. त्या काळच्या या मॉड्यूलचं कव्हर पुस्तकाला शिवलेलं नसतं, जाड कागदाची सुटी घडी असते, आतल्या बाजूला नकाशा, आणि पुस्तिका वेगळी पिन मारलेली. या पठ्ठ्याने खरं हिरवं मॉड्यूल घेतलं, त्याचं कव्हर काढून टाकलं, आणि केशरीचा स्कॅन नेटवर मिळतो त्यावरून नवं कव्हर छापून घडीत सरकवलं. म्हणून कागद खरा, गंज खरा, वासही खरा. मी तपासलं ते सगळं पुस्तिकेचं, आणि पैसे दिले कव्हरचे. भिंग लावायचं होतं ते कव्हरला. घरी लावलं तेव्हा नकाशाच्या निळ्या रेघांत रंगीत ठिपके दिसले, प्रिंटरचे. माझ्याकडच्या बाकीच्या जुन्या मॉड्यूलच्या नकाशात रेघ सलग एका निळ्या शाईची आहे, ठिपका नाही. घडीवरचा कागद पण पांढराशुभ्र, चाळीस वर्षांची घडी अशी नसते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला. तिथून कळलं की लगेच फोन केला असता तर यूपीआयचे १५,००० पुढे सरकण्याआधी अडवता आले असते कदाचित, रोखीचं तर काही बोलायलाच नको, ना बिल ना पावती. माणसाचा नंबर बंद. भिया, एकोणीस दिवस मी नुसतं बघत होतो!

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर परत केशरी बी-३ आलंय, यावेळी गाव वडोदरा आणि काकांच्या जागी आजोबा. चादर मात्र तीच, निळ्या चौकडीची, उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग. कुणाला मेसेज आला असेल तर आधी त्याला कव्हर आणि पुस्तिका वेगवेगळी करून पहिल्या पानाचा व्हिडिओ मागा.