बेसॉल्ट-अँडेसाइटची जोडी: नमुने खरे, पॉलिश नको होतं

२०१२ साली खाणी बंद होईपर्यंत मी गोव्यात डिचोलीकडे खनिजाच्या प्रयोगशाळेत होतो. अशा माणसाने दगड विकत घ्यायचे, यावर घरात बरीच थट्टा झाली. पण नातवाने अकरावीला भूशास्त्र घेतलंय आणि अँडेसाइट काही आपल्याकडे वाटेत पडलेला सापडत नाही. म्हणून साडेआठशे रुपयांची ही पेटी ऑनलाइन मागवली. आत बेसॉल्टचा एक तुकडा, अँडेसाइटचा एक, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि स्ट्रीक प्लेट, म्हणजे खनिज घासून त्याच्या रेघेचा रंग बघायची फरशी.

प्लेट बिनकामाची. हेमॅटाइट हे लोहखनिज घासलं की तांबडी रेघ उठते, तिथे ती हवीच. या दोन खडकांना तिचा काय उपयोग? भिंग मात्र झकास, काठापर्यंत स्वच्छ दिसतं.

खरी गोची पॉलिशची. दोन्ही तुकडे गुळगुळीत, आणि पॉलिशने बेसॉल्टसारखाच अँडेसाइटही काळपट दिसतो. दोघेही लाव्हा भराभर थंड होऊन झालेले, त्यामुळे कण बारीक. फरक आहे तो सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याचा: बेसॉल्टमध्ये ४५ ते ५२ टक्के, अँडेसाइटमध्ये साधारण ५७ ते ६३. तो डोळ्यांना कसा दिसणार? नातू म्हणाला, "आजो, पांढरे ठिपके आहेत तो अँडेसाइट." ठिपके दोन्हींत होते! भिंगाखाली अँडेसाइटचे ठिपके चौकोनी, लांबट निघाले. तुकडा फिरवला की त्यांची सपाट बाजू चमकते. ते फेल्डस्पार या कठीण खनिजाचे स्फटिक. बेसॉल्टमधले गोलसर होते, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून भरलेलं खनिज. त्यातल्या एकावर चाकूचं टोक फिरवलं तर भुगा पडला. फेल्डस्पार असा हार जात नाही.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा, पण तळाला न टेकवता, धरायचा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. बेसॉल्ट ११८ ग्रॅमचा, पाण्यात आकडा ४१, म्हणजे घनता २.८८. अँडेसाइट १०४ ला ३९, म्हणजे २.६७. सिलिका वाढला, लोह-मॅग्नेशियम घटलं, की खडक हलका होतो. लेबलं बरोबर आहेत, एवढं विक्रेत्याच्या बाजूने.

पेटीतलं माहितीपत्रक मात्र अगदीच तुटपुंजं. अँडेसाइट कुठल्या देशातला, तेसुद्धा छापलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत ठिकाण न लिहिलेला नमुना टेबलावर चढूच दिला नसता. अँडेसाइटचं नाव अँडीज पर्वतावरून पडलंय, जावातलं बोरोबुदूर त्याच दगडात बांधलंय आणि आपलं वेरूळ बेसॉल्टमध्ये कोरलंय, एवढं जरी दिलं असतं तरी पोरांना गोडी लागली असती.

पाचापैकी तीन तारे. विक्रेत्याने पुढच्या खेपेला निदान एक बाजू तोडलेली, बिनपॉलिशची ठेवावी. अँडेसाइट सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या. दख्खनचा बेसॉल्ट गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाला, चोर्ला घाटाकडे बघायला मिळतो. फक्त अभयारण्याच्या हद्दीतून काही उचलू नका, आणि पावसाळ्यात तिथे कड्याखाली थांबू नका.